तात्याचा ओला कोट

भरे गाव मागं टाकलं आणि तात्याला घाम येईनासा झाला. तोवर त्याच्या कानामागून धारा चालल्या होत्या. फटफटीचं हँडल धरून तो पुढून ओढत होता, मी मागून ढकलत होते, त्यामुळं त्याची मान सारखी माझ्या डोळ्यांसमोर होती. आभाळ भरलेलं, पण त्याच्या आडून ऊन भाजत होतं. झाडाचं पान हलत नव्हतं. वळणावर बघितलं तर मान कोरडी. मला वाटलं, बरं झालं, तात्याला आता गार वाटत असेल. माझी अक्कल तेवढीच होती. चार पावलं गेल्यावर तो मागं न बघता म्हणाला, "साहेब, चिठ्ठी पोचली." तिथं साहेब कुणी नव्हता. मी पुढं जाऊन त्याच्या मानेला हात लावला. तव्यावरून नुकत्याच काढलेल्या भाकरीला लावावा तसा चटका बसला. मी म्हटलं, तात्या, बसा जरा. त्यानं माझ्याकडं बघितलं, पण मला ओळखलं नाही. मग त्याचं हँडल सुटलं. फटफटी एका अंगाला पडली, तात्या दुसऱ्या अंगाला गुडघ्यावर आला आणि तसाच पुढं तोंडावर गेला. दुधाच्या रिकाम्या किटल्या गडगडत बांधाखाली गेल्या.

बांधापलीकडं दोन गडी लाकडं फोडत होते, ते कुऱ्हाडी टाकून आले. एकानं कपाळाला हात लावला आणि लगेच काढून घेतला. "हिवताप चढलाय डोक्यात," तो म्हणाला. "घाम काढला पायजे. पोरी, पळ, त्या खोपटातनं घोंगडं आन." त्या काळात हिवतापानं घरटी एक माणूस अंथरुणात असायचं, आणि ताप चढला की माणूस गुंडाळायचा आणि घाम काढायचा, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. मी पळाले आणि घोंगडं आणलं. चांगलं जाड, दुहेरी होतं. तात्याच्या अंगात आधीच लष्करी कोट होता, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. त्यावरून आम्ही तिघांनी ते घोंगडं घातलं, आणि कुठून वारा जाऊ नये म्हणून त्याच्या कडा मी माझ्या हातांनी त्याच्या अंगाखाली खोचल्या. हे मी कुणावर ढकलत नाही. मीच खोचल्या.

तात्या म्हणजे माझ्या बापाचा धाकटा भाऊ. आमचं घर रिह्याला. भातखाचरं होती, चार म्हशी होत्या. तात्या दुसऱ्या लढाईत पलटणीत होता, वाळवंटाच्या मुलखात. तिथं तो फटफटीवरून एका ठाण्याच्या चिठ्ठ्या दुसऱ्या ठाण्याला पोचवायचा. परत आला तो बोलणं विसरून आल्यासारखा, आणि नंतर पुण्यात लष्करानं काढून टाकलेली एक जुनी फटफटी घेऊन आला, तेव्हा कुठं त्याला बोलणं फुटलं. ती गाडी आमच्या खोऱ्यात पहिलीच. ती सुरू करताना तात्या पायानं लाथ हाणायचा. पहिल्या लाथेला ती खोकायची, दुसरीला शिंकायची, आणि तिसरीला जो आवाज व्हायचा त्यानं गोठ्यातल्या म्हशी दावं ओढायच्या, कोंबड्या छपरावर जायच्या. आई म्हणायची, ही अवदसा दूध आटवणार. दूध आटलं नाही. उलट त्या दुधाला गिऱ्हाईक मिळालं. तोवर आमचं दूध घोटावड्यापर्यंत डोक्यावरून जायचं आणि उन्हाळ्यात निम्म्या वेळा नासायचं. तात्या पहाटे निघून ऊन चढायच्या आत ते पुण्यात पोचवायला लागला. किटल्यांना तो गोणपाट गुंडाळायचा आणि गोणपाट सारखं ओलं ठेवायचा. वारा लागला की ओलं गोणपाट किटलीला गार करतं. एकदाही दूध नासलं नाही.

जे किटलीला तेच माणसाला, असं तात्याचं म्हणणं. गावात उन्हाळ्यात पुरुष माणसं उघडी वावरायची, धोतर आणि डोक्याला मुंडासं. तात्या भर वैशाखात पुऱ्या बाह्यांचा खाकी कोट घालून फटफटीवर बसायचा आणि लोक हसायचे. तो सांगायचा, गाडीवरचा वारा गरम असतो, उघड्या अंगावर घेतला तर अंगातलं पाणी चाटून नेतो आणि माणसाला कळतही नाही. म्हणून अंग झाकायचं आणि झाकण ओलं ठेवायचं. निघायच्या आधी नानी, म्हणजे माझी चुलती, तो कोट बादलीत बुडवून, न पिळता, त्याच्या अंगावर चढवायची. डोक्याला ओलं उपरणं, त्यावर टोपी. पेट्रोलची टाकी मांड्यांमध्ये तापते, म्हणून तिच्यावर ओल्या पोत्याची घडी. हँडलला कापडी छागल टांगलेली. तिच्यातून पाणी झिरपायचं आणि वाऱ्यानं आतलं पाणी असं गार व्हायचं की दात शिवशिवायचे. त्या पाण्यात नानी मीठ आणि गुळाचा खडा टाकायची. निघताना तात्या ताक घातलेली नाचणीची आंबील दोन वाडगे प्यायचा, आणि नानी त्याच्या खिशात एक कांदा सरकवायची, ऊन लागू नये म्हणून. तात्या म्हणायचा, पलटणीत साहेबाकडं कांदा नव्हता तरी साहेब जगला. पण कांदा त्यानं कधी काढून ठेवला नाही. दिवसाच्या शेवटी तो भाकरीबरोबर खायचा.

माझं काम पाणी ओतायचं. मी चौथी पास झाले होते आणि शाळा तिथंच संपली होती. अजून परकर-पोलकं घालत होते, म्हणून फटफटीवर बसलं तरी चालत होतं. नानीला बसता येत नव्हतं, नवऱ्याला धरून भर रस्त्यानं बाई गेली असती तर खोऱ्यात वर्षभर तोच विषय झाला असता. मी किटल्यांच्या मध्ये, पोत्याच्या घडीवर बसायचे, मांडीत चहाची मोठी किटली पाण्यानं भरलेली. कोट वाळला की तात्या डावा खांदा हलवायचा, मग मी त्याच्या कॉलरच्या आतून पाण्याची धार सोडायची. परत येताना भूगावला विहिरीवर किटली भरून घ्यायची, घाटाच्या पायथ्याला एकदा ओतायचं, माथ्यावर एकदा. गाडी चालू असताना ओतायचं, थांबून नाही. "वारा हाय तवर पानी कामाचं," तो सांगायचा. "हुबं ऱ्हायलं की नुसता चिखल." पिरंगुटच्या बायका पाणवठ्यावरून ओरडायच्या, आला गं महादेव, अभिषेक चाललाय. तात्या त्यांना हात जोडून पुढं जायचा. ओल्या पाठीवर वारा लागला की त्याच्या अंगावर शहारा यायचा, तो मला मागून दिसायचा. बाहेर पाखरं चोच उघडून बसलेली आणि हा माणूस थंडीनं शहारतोय. मला तेव्हा त्याच्याहून हुशार माणूस जगात कुणी असेल असं वाटत नव्हतं. आजही त्याच्याबद्दल माझं मत फार खाली आलेलं नाही.

माझा नातू आता मोटरसायकलवरून कारखान्यात जातो. घोटावड्याच्या रस्त्याला ट्रकांची रांग लागते, त्यात हा अर्धा तास उभा, खाली इंजिन तापलेलं, वर डोक्यावर टोप. घरी येतो तेव्हा तोंड वांग्यासारखं झालेलं असतं. मी त्याला म्हटलं, रांगेत अडकलास तर गाडी बंद कर, टोप काढ, झाडाखाली जा. म्हणाला, आजी, हजेरीला उशीर होतो. मी म्हटलं, मग मर. त्याच्या बायकोला राग आला. पण दुसऱ्या दिवसापासून तो अर्धा तास लवकर निघतो.

तर तात्याचा तो ओला कोट. त्याच्यापायीच पुढचं सगळं झालं. नानीचं माहेर भरे गाव, रस्त्याला लागून घर. नानीच्या धाकट्या बहिणीचं लग्न होतं. तात्या पुण्याला दूध घालून परस्पर मांडवात आला, वेळेवर यायचं म्हणून कुठं न थांबता, आणि कोटातून पाणी निथळत होतं. थोरला जावई, सगळे वाट बघत होते. तो पाटावर बसला आणि पाटाखाली थारोळं साचलं. वऱ्हाडातलं कुणीतरी म्हणालं, जावयबापू लहान पोरांवानी बसल्या जागी भिजलं जनू. मांडव हसला. तात्यानं तेही ऐकून घेतलं असतं, पण त्याचा सासरा धोंडिबा, तोही हसला. तात्या भरल्या ताटावरून उठला. पाणी सोडून उठला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, की ह्या घरचं पाणी मला वर्ज्य. रुसलेल्या जावयाला दुसऱ्या दिवशी समजूत घालून आणायची रीत असते, टोपी-उपरणं घेऊन जायचं असतं. धोंडिबा गेला नाही. म्हणाला, भिजून त्यो आला, मी कशापायी जाऊ. असं वर्ष गेलं. रोज सकाळी तात्या त्या घरासमोरून फटफटी नेताना मुद्दाम आवाज मोठा करायचा. नानी मध्ये भरडली जात होती, पण तिला कुणी विचारलं नाही.

सासू सरूबाई. पन्नाशीची असेल, हाडापेरानं मजबूत. तिच्याबद्दल मला एवढंच माहीत होतं की ती जावयासमोर येत नाही. तेव्हा तशी रीत होती. सासूनं जावयापुढं तोंड दाखवायचं नाही, थेट बोलायचं नाही. काही सांगायचं असलं तर दाराआडून तिसऱ्याला सांगायचं, जावयानं ते ऐकायचं आणि तिसऱ्यालाच उत्तर द्यायचं. लग्न झाल्यापासून तात्यानं सासूचा हात आणि पदर सोडून काही बघितलं नसेल.

मिरगाच्या तोंडावर आमच्याकडं दहा-बारा दिवस असे येतात की आभाळ भरून राहतं आणि पडत काही नाही. आम्ही गदमदतंय म्हणतो. वाळत घातलेलं लुगडं संध्याकाळपर्यंत ओलंच. मीठ पाझरतं. त्या दिवसांत मला एक गोष्ट लक्षात आली होती. मी तात्याच्या कॉलरमध्ये पाणी ओतायचे, पण त्याला शहारा यायचा नाही. कोट वाळायचाच नाही. हात लावला तर ओला असून गरम, पोटीस बांधल्यासारखा. मी तसं त्याला म्हटलंसुद्धा. तो म्हणाला, "आगं, तिकडं ह्याच्या दुप्पट ऊन व्हतं." ऊन होतं, पण तिकडची हवा कोरडी. ओलं वाळतं म्हणून गार होतं, आणि वाळलं नाही तर ते नुसतं ओझं, हे पुढं खूप वर्षांनी दवाखान्यातल्या नर्सबाईंनी मला नीट सांगितलं. किटलीचंही तसंच झालं होतं. त्या आठवड्यात दोनदा दूध कडेला फुटायला आलं होतं, आणि तात्यानं त्याचा दोष म्हशीला दिला. शहाण्या माणसाला एकदा एक गोष्ट खरी सापडली की तो ती सगळीकडं लावत सुटतो.

त्या दिवशी पुण्यातच उशीर झाला. परत येताना घाटाच्या माथ्यावर मी उरलेलं सगळं पाणी, छागलीतलं पिण्याचंसुद्धा, त्याच्या पाठीवर ओतलं. त्यानं खांदा हलवला, मी ओतलं. पिरंगुटचा फाटा वळलो आणि मागचं चाक बसलं. पिशवीत ठिगळं होती, पण चिकटवायचा डिंक नळीतच वाळून गेला होता. सावलीला बसून ऊन उतरेपर्यंत थांबायचं, हा त्याचाच नियम. पण जवळची सावली म्हणजे भरे गावची, सासऱ्याच्या दारातली, आणि पंक्चर गाडी घेऊन तिथं बसायचं त्याच्या जिवावर आलं. म्हणाला, ढकलत घोटावड्याला जाऊ, तिथं माझा पलटणीतला दोस्त हाय. कोट काढा म्हटलं तर तोही काढेना. सासुरवाडीच्या गावातून उघडा कसा जाऊ? ज्या कोटाला हसले तो उतरवून त्यांच्यासमोरून गेलं तर हसणारे खरे ठरले असते.

सरूबाई दरवर्षी उन्हाळ्यात दारासमोरच्या चिंचेखाली रांजण पुरायची, जाणाऱ्या-येणाऱ्यासाठी. आम्ही तिथं आलो तेव्हा तात्याचे पाय वाकडे पडत होते. मी थांबले. तो म्हणाला, तू पी, तुझं काय भांडण न्हाई. मी दोन तांबे प्यायले. तेवढ्यात दाराआडून पदर हलला.

"पोरी," सरूबाई दारातूनच म्हणाली, "त्यास्नी म्हनावं, पानी घ्या."

तात्या रस्त्यात उभा राहून माझ्याकडं बघत म्हणाला, "त्यास्नी सांग, तहान न्हाई."

"म्हनावं, रांजान घरचा न्हाई. वाटसरांचा हाय. कुत्रीबी पित्यात."

"त्यास्नी सांग, मी कुत्रा न्हाई."

"ते दिसतंयच म्हनावं. कुत्र्याला अक्कल आसती."

मी मध्ये उभी होते आणि कुणाचंच काही पोचवत नव्हते, कारण दोघांना सगळं ऐकू जात होतं. मला हसू आलं होतं. तात्यानं हँडल ओढलं आणि चालायला लागला. मी तांबा भरून त्याच्यामागं पळाले, तर त्यानं हातानं तो उडवून लावला. पाणी धुळीत गेलं. त्यानंतर दोन शेतं ओलांडली असतील, तोवर त्याची मान कोरडी पडली.

घोंगड्यात तो किती वेळ होता ते मला सांगता येणार नाही. त्याला झटके यायला लागले. गडी म्हणाले, हुडहुडी हाय, आता घाम सुटंल. एकानं कांदा फोडून नाकाला लावला. तेवढ्यात मी बघितलं, रस्त्यानं सरूबाई येत होती. बायका चालतात तशी नाही, नांगरामागं चालावं तशी, लुगडं गुडघ्यापर्यंत ओढलेलं. ती दारातून आमच्याकडंच बघत राहिली असणार. आल्या आल्या तिनं घोंगड्याला हात घातला आणि एका हिसक्यात ते बाजूला फेकलं. मग खाली बसून कोटाची बटणं काढायला लागली. ती निघेनात तेव्हा दोन्ही हातांनी कोट फाडला. गडी मागं सरकले. सासूनं जावयाच्या अंगाला हात लावलेला त्यांनी जन्मात बघितला नव्हता.

एकजण म्हणाला, "काकी, ताप हाय त्यो. वारं लागंल."

"म्हशीला ऊन लागल्यावर काय करतुस रं?" सरूबाई म्हणाली. "घोंगडं घालतुस?"

तो पुढं आला.

"मग उचला. मोटंवर घ्या."

म्हशीला घाम फुटत नाही. उन्हात सापडली तर ती अशीच कोरडी तापते, तोंड उघडते, पाय टाकते, आणि तिला लगेच पाण्यात घातलं तरच उठते. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही होतं, मी म्हशींत वाढलेली. पण माणूस आणि म्हैस ह्यांना एकच लागू होईल असं माझ्या डोक्यात आलं नाही, त्या गड्यांच्या आलं नाही, फटफटी चालवणाऱ्या तात्याच्याही आलं नसतं. सरूबाईच्या आलं. ती शाळेचं तोंड न बघितलेली बाई. मी पुढं पुष्कळ शिकलेली माणसं बघितली, पण डोळ्यांसमोरचं असं उचलून जागेवर वापरणारं माणूस मला क्वचित दिसलं.

सरूबाईच्या घरची विहीर रस्त्याला लागूनच होती. मोट सकाळी चालवून बैल सोडलेले, उंबराखाली बसले होते. त्यांच्याशेजारी धोंडिबा डोळ्यांवर टोपी घेऊन पडला होता. मोटेचं पाणी जिथं पडतं त्या दगडी थारोळ्यात घोट्याएवढं गरम पाणी राहिलं होतं. विहीर खोल, पोहऱ्यानं शेंदून पुरं पडणार नव्हतं. सरूबाईनं नवऱ्याला उठवलं आणि मोट जुंपा म्हणाली. धोंडिबानं एकदा तात्याकडं बघितलं, एकदा आभाळाकडं.

"ह्या वक्ताला? बैल मरत्याल."

"मरू द्यात. बैल तुमचा हाय, पोरगी माझी हाय."

धोंडिबा उठला. बैल जुंपले.

सरूबाई थारोळ्यात उतरली, मांडी घालून बसली आणि तात्याचं डोकं मांडीवर घेतलं, नाकातोंडात पाणी जाऊ नये म्हणून. पहिली मोट वर आली आणि ओतली गेली, तेव्हा दोघं मिळून बुडाली. तिचा पदर डोक्यावरून गेला तो गेला. तिनं वर घेतला नाही, हात मोकळे नव्हते. एका हातानं त्याची हनुवटी धरलेली, दुसऱ्यानं ती त्याची छाती, बगला, मांड्या चोळत होती. मला म्हणाली, घोंगडं धर आणि वारा घाल. मी आणि एक गडी दोन टोकांनी घोंगडं धरून सुपासारखं पाखडत होतो. धोंडिबा बैलांना उतारावरून पळवत होता. चाकाचा कर्रकर्र आवाज, पाण्याचा धबाका, धोंडिबाचा हाकारा, आणि परत चाक. मोटा मी मोजल्या नाहीत. माझे हात भरून आले तेव्हा सरूबाई म्हणाली, थांबलीस तर थोबाडीत दीन. थांबले नाही. मला रडू आलं नव्हतं. वेळच नव्हता.

तात्याचे दात वाजायला लागले तेव्हा तिनं हात वर केला, आता बास म्हणून. तात्यानं डोळे उघडले. वर बघितलं तर सासूचं तोंड, उघडं, केस सुटलेले, पाणी गळतंय. त्यानं घाईनं डोळे मिटून घेतले. मग डोळे मिटूनच, मी कुठं उभी आहे हे माहीत नसताना, मला म्हणाला, "त्यास्नी सांग... पानी लई गार हाय."

"त्येला सांग, गप पड," सरूबाई म्हणाली.

त्याला तिथंच गुळाचं पाणी पाजलं. तो मुकाट्यानं प्यायला. मग उंबराच्या सावलीत निजवला. दिवस कलताना निरोप मिळून नानी चालत आली, ती आपल्या आईच्या शेजारी जाऊन बसली, नवऱ्याच्या नाही. त्या दिवसानंतर तात्याला मोठा उन्हाळा सोसवेनासा झाला. उन्हात जरा चाललं की त्याच्या डोळ्यांपुढं काजवे यायचे. फटफटी त्यानं सोडली नाही. फक्त नियम बदलला. कोरडं ऊन असेल तर ओला कोट, आणि गदमदत असेल त्या दिवशी अंगात पातळ मलमलीची बंडी, जागोजागी सावली, पोटभर पाणी, आणि गाडी बंद पडली तर ती रस्त्यात टाकून चालू लागायचं. पाणी कुणाच्याही दारचं. सासऱ्याशी तो बोलायला लागला तो आणखी दोन वर्षांनी, आणि टोपी-उपरणं घेऊन कुणीच कुणाकडं गेलं नाही. सरूबाई दुसऱ्या दिवसापासून पुन्हा दाराआडून बोलायला लागली. थारोळ्यातलं कुणी तिच्यापुढं काढलं तर म्हणायची, तवा म्हैस व्हती, जावाई नव्हता.

मोट थांबली तेव्हा डावा बैल उतारावरच उभा राहिला होता, पाय फाकून, तोंडाला फेस. पाखऱ्या त्याचं नाव. जोखड काढताच तो बसला, आणि मग आडवा झाला. धोंडिबानं आणि त्या दोन गड्यांनी विहिरीतून घागरी शेंदून त्याच्यावर ओतल्या. सरूबाई ओल्या लुगड्यानंच धावली, मी परत घोंगडं हलवलं. पण एवढं मोठं जनावर थारोळ्यात उचलून ठेवणं कुणाच्या हातचं नव्हतं. धोंडिबा त्याच्या डोक्याशी बसून राहिला. बायकोला तो त्याबद्दल काही बोलला नाही, तेव्हाही नाही, पुढंही नाही.

तात्या जगला. म्हातारा होऊन, घरात, अंथरुणावर गेला. पाखऱ्या त्याच दिवशी, दिवस मावळायच्या आत गेला.